दोन रकान्यांची वही : घरातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

हे काम मला कोणी नेमून दिलेले नाही, त्यामुळे ते का सुरू केले हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला तर मागे वळून पाहता येईल. मे महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही शहरात गेलो होतो. जेवणाच्या वेळी मोठीने वाढणाऱ्या मुलाला खणखणीत आवाजात सांगितले, "मले भेद्रं नोको, मले आलू द्या." शेजारी बसलेल्या दोघी जणी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट भाव नव्हता; पण एकीने तिला "टोमॅटो म्हणावं गं" असे सांगितले आणि दुसरीने तेच जुने वाक्य करमणूक म्हणून तिच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतले. मोठीने ते म्हटले. त्यानंतर मात्र तिने कोणाकडे काही मागितले नाही. पाणीसुद्धा माझ्या कानाशी येऊन मागितले.

मोठीला सप्टेंबरमध्ये सहा वर्षे पूर्ण होतील आणि याच महिन्यात ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसेल. लहाना एप्रिलमध्ये दोन वर्षांचा झाला. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे, घरी कपाशी, तूर आणि सोयाबीनची शेती आहे आणि घरातले बोलणे वऱ्हाडी आहे. मराठी विषय घेऊन बी.ए. केले असल्यामुळे मी लिहिताना 'मी करते' असे लिहिते आणि बोलताना 'मी करतो' असे म्हणते; आमच्याकडे बाईमाणूसही 'मी जातो, मी येतो' असेच म्हणते, आणि यात काही वेगळे आहे हे कॉलेजात जाईपर्यंत मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा वर्गात सर्वांसमोर सांगितले. मोठीवर ती वेळ येऊ नये, एवढाच या कामामागचा विचार आहे.

पद्धत अशी ठरवली आहे की, दोनशे पानी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ ओढायची, डावीकडे लेकरांच्या तोंडून आलेला घरचा शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याचा पुस्तकातला शब्द. रात्री भांडी आटोपल्यावर, दिवसभरात स्वतःच्या कानांनी ऐकलेलेच लिहायचे. कोणाकडून म्हणवून घेऊन लिहायचे नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि यंदा त्या २३ जूनला उघडणार आहेत. तोपर्यंत मोठीचे शंभर शब्द दुरुस्त झाले पाहिजेत, असे उद्दिष्ट आहे.

११ जून, बुधवार

तीन दिवसांत ४६ शब्द झाले. वावर म्हणजे शेत, सांभार म्हणजे कोथिंबीर, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, काहून म्हणजे का. अशी पहिली दोन पाने भराभर भरली. तिसऱ्या पानावर मात्र उजवा रकाना अडू लागला. 'सपरी'समोर ओसरी लिहिले, खोडले, पडवी लिहिले, तेही खोडले. आमच्या सपरीत टिनाखाली फवारणीचा पंप आहे, मागच्या वर्षीच्या तुरीची दोन पोती आहेत, लहान्याचा पाळणा आहे आणि दुपारी पारड्याला बांधायचा खुंटाही तिथेच आहे. ओसरी म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर झोपाळा आणि पितळी कड्या येतात.

'फफुटा' हा दुसरा अडलेला शब्द. धूळ म्हटले तर ती कपाटावरही बसते. फफुटा म्हणजे मे महिन्यात बंडीच्या वाटेवर घोट्यापर्यंत पाय रुततात ती पिठासारखी मऊ, तापलेली माती. पुस्तकात हा शब्द 'फुफाटा' होऊन येतो, पण तो केवळ आगीतून उठून पडण्यापुरता, म्हणजे म्हणीत. आमच्या लेकरांच्या तो पायाखाली असतो. 'उलंगवाडी'समोर तर अख्खे वाक्य लिहावे लागले : कपाशीचा हंगाम संपून झाडावर वेचण्यासारखे काही उरत नाही आणि वावर गुराढोरांना मोकळे होते ती वेळ.

आणि 'शकुंतला'. दारव्ह्यावरून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी जी अरुंद रुळांची गाडी जात असे, तिचे हे नाव. ती केव्हाच बंद पडली. पण सासूबाईंच्या लेखी रुळांवरून जाणारे जे काही असेल ते शकुंतलाच. लहाना चित्रातल्या कोणत्याही आगगाडीवर बोट ठेवून "चकुंतला" म्हणतो. हा शब्द कोणत्या रकान्यात घालावा, यावर रात्री विचार करत बसले आणि शेवटी दिवा मालवला.

१६ जून, सोमवार

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न. आभाळ भरून आले होते. मोठी अंगणातून ओरडत आली, "माय, पानी येऊन राह्यलं!" मी शांतपणे म्हटले, "पाऊस येतो आहे, असं म्हणायचं." ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तेवढ्या वेळात दोरीवरचे कपडे भिजले. वाळत घातलेल्या मुगाच्या वड्याही भिजल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वड्यांचा सुपडा उचलून माझ्यासमोर ठेवला.

संध्याकाळी मोठीने स्वतः होऊन निकाल दिला : "पाऊस पुस्तकात येते. अठी पानी येते." हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. दुरुस्त शब्दांची संख्या : शून्य.

२३ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस. दाराला तोरण होते, नव्या मुलांना फुले मिळाली. मोठी माझ्या पदराआड होती. मॅडमनी आधी प्रमाण मराठीत नाव विचारले, उत्तर मिळाले नाही, मग त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काय नाव व माय तुह्यं?" मोठीने नाव सांगितले, आडनाव सांगितले, भावाचे नाव सांगितले आणि आमची गाय गाभण असल्याचेही सांगितले. मी घरी येऊन वही उघडली, पण त्या दिवशी डाव्या रकान्यात घालण्यासारखा नवा शब्द एकही नव्हता आणि तरीही काहीतरी लिहावेसे वाटले, म्हणून हे लिहिले.

३० जून, सोमवार

काल राज्य सरकारने पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे १६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. चौकात त्यावर मोठी चर्चा झाली. हिंदी पहिलीपासून लादू नये, हे मला पटते. पण चर्चा ऐकताना वाटत राहिले की, आमच्या लेकराची पहिली भाषा मराठी आहे असे धरूनच सगळे बोलत होते, आणि कोणती मराठी हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मोठीच्या कानावर आजीची वऱ्हाडी आहे, मोबाईलमधल्या कार्टूनची हिंदी आहे, बडबडगीतांची इंग्रजी आहे आणि पुस्तकातली मराठी या रांगेत चौथी आहे. या चौघींपैकी जिच्यात तिला परीक्षा द्यायची आहे, तीच तिच्या सर्वांत कमी ओळखीची आहे.

१२ जुलै, शनिवार

निंदणामुळे बारा दिवस वही उघडली नाही. सकाळी सहाला वावरात, संध्याकाळी चुलीपुढे. केवळ एक नोंद : लहान्याच्या पायाखाली मुंगी सापडली, तेव्हा तो वाकून पाहत म्हणाला, "मुंगी मेली." दोन शब्दांचे वाक्य आणि क्रियापद बिनचूक. 'मर'पासून 'मेली' होते हे त्याला कोणी सांगितले नसणार. सासूबाई दिवसातून दहा वेळा "मेली ही माशी" म्हणतात, तिथून त्याने ते अख्खे उचलले असावे.

१९ जुलै, शनिवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण आज मला माझ्या कामातला खरा प्रश्न सापडला, आणि तो भेद्र्याचा नव्हता.

मोठी 'केळ' हे चित्रकार्ड वाचत होती. बोट 'ळ'वर ठेवून तिने मोठ्याने वाचले, "केय." तिचे चुकले, असे मला म्हणता येईना. आमच्या बोलण्यात शाळा ही शाया आहे, डोळा हा डोया, काळा हा काया आणि पोळा हा पोया; 'ळ' या अक्षराचा उच्चार 'य' असतो, हा निष्कर्ष तिने स्वतः काढला होता आणि तो तिने ऐकलेल्या सर्व पुराव्यांशी जुळत होता. 'ळ'ला ती चष्मा म्हणते. चष्मा दिसला की 'य' म्हणायचे.

मग तिने पाटी घेतली आणि गाईचे चित्र काढले. चार पाय, दोन शिंगे, पोटात वासरू. खाली नाव लिहिले : गाळ. मी विचारले, हे काय. ती म्हणाली, "गाय." चष्मा ठसठशीत काढला होता. पायाच्या चित्राखाली 'पाळ' लिहिले होते.

मला आधी हसू आले आणि मग हसू गेले. घरच्या कानाला जिथे एकच आवाज आहे, तिथे पुस्तकाने दोन अक्षरे ठेवली आहेत. कुठे कोणते लिहायचे, हे सांगणारा कोणताही नियम मी तिला देऊ शकत नाही, कारण तिच्या कानाला तसा फरकच ऐकू येत नाही. ज्या घरात 'ळ' बोलला जातो, तिथल्या मुलाला हे शिकावे लागत नाही. तो ऐकतो तसे लिहितो. आमच्या लेकराने मात्र प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायचा आहे आणि हे जास्तीचे काम ती करते आहे, हे तिच्या पेपरात कुठेही दिसणार नाही. दिसेल ती केवळ चूक.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'चष्म्याचे शब्द' म्हणून चौदा शब्द लिहून सपरीच्या भिंतीला लावले : शाळा, डोळा, केळ, फळ, बाळ, काळा, पोळा असे. बोलताना काहीही म्हण, लिहिताना या शब्दांना चष्मा घालायचा, असे ठरले. हे तिला चटकन कळले. गाईचा चष्मा तिने स्वतः पुसला.

२५ जुलै, शुक्रवार

आजपासून श्रावण लागला आणि आजच पहिला शुक्रवार. सासूबाईंनी जिवतीचा कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. वर नरसिंह आणि कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये पाळणा हलवणाऱ्या आणि अंगाखांद्यावर लेकरे खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. पुरणाचे दिवे झाले, दोघांना पाटावर बसवून ओवाळले. लहान्याने दिवा फुंकण्याचा प्रयत्न केला, कारण वाढदिवसाची सवय.

मग सासूबाई कहाणी सांगू लागल्या आणि मी हातातले काम थांबवले. ज्या सासूबाई जन्मात कधी 'मला' म्हणाल्या नाहीत, 'मले'च म्हणत आल्या, त्या म्हणत होत्या, "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता." पुढे 'त्याला पुत्र नव्हता', 'तिनं सुईणीला बोलावून आणलं' असे सगळे स्वच्छ पुस्तकी, आणि शेवटी "ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी, सुफळ संपूर्ण". बोलताना त्यांचा आवाजही जरा खाली, गंभीर झाला होता. त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या आहेत. ही भाषा त्यांना शाळेने दिलेली नाही. ती त्यांच्या सासूकडून, देव्हाऱ्यासमोर, अक्षता हातात धरून आलेली आहे. आणि कहाणी संपताच त्याच श्वासात लहान्याला म्हणाल्या, "ये अठी, काहून कागद ओढून राह्यला?"

मोठी मांडीवर हात ठेवून ऐकत होती. तिला एकही शब्द अडला नाही. 'पुत्र' म्हणजे काय, हेदेखील तिने विचारले नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दुपारी मोठी बाहुल्या घेऊन बसली होती. "आटपाट गाव होतं. तिथं एक भेद्रं होतं. त्याला पुत्र नव्हता." एवढे ऐकले आणि आत निघून आले, कारण कोणी ऐकते आहे हे कळले की ती थांबते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गेले दहा दिवस एक शंका मनात होती. तिची तपासणी करावी म्हणून ह्यांचा मोबाईल काल संध्याकाळी दिवेलागणीला फडताळात ठेवून चाळीस मिनिटे आवाज टिपला. इतरांना सांगितले नव्हते. मला मात्र ठाऊक होते, त्यामुळे पहिली पाच मिनिटे मी जरा सावध बोलले आहे, ती सोडून दिली. मग दूध उतू गेले आणि सावधपणाही गेला.

आज दुपारी ते ऐकून मोजले. त्या वेळात मी दोघांना उद्देशून ९३ वाक्ये बोलले. त्यांपैकी ६६ वऱ्हाडीत आणि २७ पुस्तकी. हा आकडा मला अपेक्षितच होता. अपेक्षित नव्हते ते पुढचे. रागावले तेव्हा वऱ्हाडीत रागावले. लाड केले तेव्हा "माह्या राजा, माही बाई" असे वऱ्हाडीतच केले. जेवायला हाका मारल्या, घाबरवले, हसवले, गाईच्या पोटातले वासरू केव्हा येणार हे सांगितले, सगळे वऱ्हाडीत. पुस्तकी २७ वाक्यांपैकी २४ मात्र अशी होती : असं नाही म्हणायचं, नीट बस, सांग बरं, हा कोणता रंग, पुन्हा म्हण, चुकलं.

म्हणजे आमच्या घरात प्रमाण मराठीला मी एकच नोकरी दिली आहे, चुका काढण्याची. लेकराने तिच्या वाऱ्याला का उभे राहावे? लग्नातल्या त्या दोघींचा मला राग आला होता. त्या तर एकदाच भेटल्या, मी रोज संध्याकाळी घरी असते.

सासूबाईंकडे हीच भाषा कहाणी सांगते. तिच्यात राजा असतो, सुईण असते, पुरणाच्या दिव्यांचा वास असतो.

आजपासून काम बदलले आहे. दिवसा कोणाचे बोलणे दुरुस्त करायचे नाही. रात्री अंथरुणावर एक गोष्ट पुस्तकी मराठीत सांगायची, तीही वाचून नव्हे तर सांगून, आणि गोष्टीनंतर प्रश्न विचारायचे नाहीत. शंभर शब्दांचे उद्दिष्ट रद्द.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. काल रात्री बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ह्यांनी त्यांना आवतण दिले : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोठीने विचारले, बैलाला 'या' म्हणता, मग मला 'ये' का? ह्यांना उत्तर सुचले नाही. माझे उत्तर त्यांनी ऐकून घेतले नसते.

संध्याकाळी पिठोरीचे वाण. आमच्याकडे आई खीर-पुरीचे ताट डोक्यावर घेऊन लेकरांकडे पाठ करून बसते आणि विचारते, "अतीत कोण?" लेकराने मागून "मी" म्हणायचे आणि ताट घ्यायचे. मोठीने तिसऱ्या वर्षापासून पाठ केलेले असल्यामुळे तिचे लगेच झाले. लहान्याची पहिलीच खेप होती. घरात सगळे त्याला बापू म्हणतात आणि तोही स्वतःला बापूच म्हणतो : बापू झोपला, बापूले दे.

मी विचारले, "अतीत कोण?" मागून आवाज आला, "बापू." सासूबाई म्हणाल्या, "मी म्हण." तो गप्प. मी पुन्हा विचारले. मोठीने त्याच्या कानात कुजबुजून सांगितले, "तू म्हण, मी." आणि लहाना ठामपणे म्हणाला, "तू!"

ताट डोक्यावर असल्यामुळे मला वळून पाहता आले नाही. मान ताठ ठेवून विचार करत राहिले की, याचे काय चुकले? बापू हा नेहमी बापूच असतो, कोणीही म्हणो; 'मी' मात्र बोलणाऱ्यागणिक माणूस बदलतो. सासूबाई म्हणतात तेव्हा 'मी' म्हणजे सासूबाई, मोठी म्हणते तेव्हा मोठी. असा फिरता शब्द सव्वादोन वर्षांच्या लेकराला दुसऱ्याकडे पाहून उचलता येत नाही. आणि आपल्या सणांत कोणीतरी केव्हातरी नेमका हाच शब्द शिकवायची जागा करून ठेवली आहे, आईने पाठ फिरवून, म्हणजे लेकराला तिच्या तोंडाकडे पाहून अंदाज बांधता येऊ नये. हे माझे अनुमान आहे, व्रताच्या पोथीत असे काही नाही.

ताट त्याला दिले. पुरी त्याने आधी मोठीला दिली आणि मग परत मागितली.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. मोठीने लाकडी नंदी सजवून घरोघर नेला. बोजारा म्हणून ८५ रुपये आणि दोन बिस्किटपुडे जमले. 'बोजारा'समोर उजव्या रकान्यात काही लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून भुलाबाई बसल्या आहेत. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आमच्या सपरीत जमतात, गाणी होतात आणि मग डब्यातली खिरापत ओळखायची. खिरापतीचा खेळ माझ्या कामासाठी सोन्यासारखा आहे, कारण त्यात खाण्याच्या पदार्थांची नावे पोरी आपणहून, घाईघाईने आणि न लाजता घेतात. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, भुईमुगाची चिक्की.

काल मोठीच्या वर्गातली तांड्यावरची मैत्रीण खिरापत घेऊन आली. पोरींनी पंधरा-वीस नावे घेतली, ती प्रत्येक वेळी मान हलवत राहिली. शेवटी सगळ्या हरल्या आणि म्हणाल्या, सांग आता. तिने जे नाव सांगितले ते कोणालाच कळले नाही. डबा उघडला तर आत गुळातला गव्हाचा गोड पदार्थ होता. आमच्याकडेही असाच काहीसा होतो. पण नाव तिला केवळ घरचेच ठाऊक होते, गोरमाटीतले, म्हणजे बंजारा बोलीतले, आणि पोरींनी ठरवले की ही खिरापत धरायची नाही, कारण तो शब्द 'आपला' नाही. तिने डबा बंद केला.

मोठी काही बोलली नाही. मीही लगेच काही बोलले नाही, आणि याची टोचणी आता लिहिताना आहे. थोड्या वेळाने मी तो पदार्थ सर्वांना वाटला आणि त्या मुलीला नाव पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मले नाई मालूम." लग्नातून परतताना मोठीही मला असेच म्हणाली होती.

माझ्या वहीतले दोन्ही रकाने या मुलीला परकेच आहेत. आईला ती याडी म्हणते. शाळेत येऊन आधी आमची वऱ्हाडी शिकायची, मग पुस्तक. मोठीला एक पायरी चढायची असेल तर हिला दोन आहेत आणि पहिली पायरी आम्हीच अडवून बसलो होतो. पानावर तिसरी रेघ ओढली. आज सकाळी तांड्यावर जाऊन तिच्या याडीला त्या पदार्थाचे नाव दोनदा म्हणायला लावले. तरी मधला एक आवाज मला देवनागरीत नीट उतरवता येईना, म्हणून ती जागा सध्या कोरी ठेवली आहे. चुकीचे लिहिण्यापेक्षा ते बरे.

२८ सप्टेंबर, रविवार

पाहुणे आले होते. जाताना मला आपुलकीने म्हणाले, "लेकरांशी शुद्ध बोलत जा, पुढे त्रास होतो." त्रास होतो हे खरे आहे, चष्म्याच्या शब्दांची यादी आता ३१ वर गेली आहे आणि मोठी अजून 'वेळ' हा शब्द 'वेय' असा लिहून मग खोडते. शुद्ध हा शब्द मात्र घशाखाली उतरला नाही. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात महानुभावांनी लिहिले, ते अमरावती जिल्ह्यात आहे, मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच झाले आहे, आणि त्या गावच्या बाजारात आजही कोणी भाजी घेताना 'मला' म्हणत असेल असे वाटत नाही. हे पाहुण्यांना सांगावे असे मनात आले होते. त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि त्यांना निरोप दिला.

रात्रीच्या गोष्टींचा हिशेब : ४५ रात्रींपैकी ३१ रात्री सांगितली, बाकीच्या रात्री मीच आधी झोपले. मोठी आता खेळात डॉक्टरीण झाली की बाहुलीला "तोंड उघडा, घाबरू नका" असे म्हणते आणि बाहुली उत्तर देते, "मले सुई नोको." दोन्ही आवाज तिचेच. बाहुलीला 'उघडा' म्हणायला तिला कोणी शिकवले, हे तिला विचारले नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी आटोपली. आज पहिल्या वेच्याआधी सीतादही केले. वावराच्या एका कोपऱ्यात कपाशीच्या झाडाशी दगड मांडले, हळदीकुंकू वाहिले, दही-भाताचा नैवेद्य दाखवून तो वावरात शिंपडला. मग बाया ओळीने वेचायला लागल्या. मोठी माझ्या ओळीत होती. ओट्यात कापूस कमी आणि कचरा जास्त.

लहाना धुऱ्यावर बसून सासूबाईंनी दिलेले एक किडके बोंड फोडत होता. आत गुलाबी अळी होती, वाळलेली. त्याने ती बोटावर घेतली, बराच वेळ पाहिली आणि मला दाखवायला ओळीतून धावत आला.

"माय, अई मरली."

सासूबाई म्हणाल्या, "मेली म्हण रे, मेली. आधी तर चांगला म्हणत होता, आता काहून इसरला?"

जुलैतली नोंद मी रात्री काढून पाहिली. तेव्हाचे 'मेली' त्याने आजीकडून आयते उचलले होते. आजचे 'मरली' त्याला कोणीही दिलेले नाही. 'पडली', 'बसली', 'रडली' यांवरून त्याने ते स्वतः बनवले आहे. याच आठवड्यात तो "बाबा येला" असेही म्हणाला होता आणि ते मी ऐकून सोडून दिले होते. दोन्ही आज डाव्या रकान्यात तारखेसह लिहिले. उजव्या रकान्यात काही लिहिले नाही. वेचलेला कापूस : मोठीचा पाऊण किलो, तोही ओला धरून.